जैवविविधतेसाठी देशाचं धोरण बदलून घ्यायचंय? मग नेमका शब्द मागा

जैवविविधता वाचली पाहिजे असं कुठल्याही मंत्र्याला, खासदाराला किंवा अधिकाऱ्याला सांगून बघा, तो हो म्हणेल, आणि लगेच म्हणेल. या विषयातली खरी अडचण हीच आहे. उघड विरोध कोणीच करत नाही त्यामुळं नुसती मान डोलावून तुम्हाला परत पाठवणं फार सोपं जातं. तुम्ही खूश होऊन घरी येता आणि कायद्यात काना-मात्राही बदललेला नसतो.

म्हणून हा लेख जनजागृती, पोस्टर, रॅली याबद्दल नाहीये. तुम्ही एकटे असाल किंवा चार-पाच जणांचा ग्रुप असेल, आणि देशाच्या पातळीवरचा कायदा, नियम नाहीतर बजेट यात काहीतरी खरोखर बदलून हवं असेल, तर कुठून सुरुवात करायची आणि कुठं जोर लावायचा ते सांगतो. देश कुठलाही असो, खात्यांची नावं बदलतात पण रस्ता बराचसा सारखाच असतो.

पहिली पायरी : मागणी इतकी छोटी करा की ती एका वाक्यात मावेल

२०१९ साली आयपीबीईएस या आंतरराष्ट्रीय शास्त्रीय मंचाचा मोठा अहवाल आला, त्यात सुमारे १० लाख प्रजाती नामशेष व्हायच्या वाटेवर असल्याचं म्हटलंय आणि पाच मुख्य कारणं दिलीत : जमीन आणि समुद्राचा बदललेला वापर, थेट शिकार-तोड-मासेमारी, हवामानबदल, प्रदूषण आणि बाहेरून आलेल्या आक्रमक प्रजाती. या पाचांपैकी एक घ्या. मग त्या एकातली एक गोष्ट घ्या. प्रदूषण नाही तर एक कीटकनाशक, समुद्र नाही तर मासेमारीची एक पद्धत.

एवढं बारीक का जायचं ते गिधाडांवरून नीट कळतं. १९९०च्या दशकात दक्षिण आशियात गिधाडं पटापट मरायला लागली, भारतात पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९.९ टक्के कमी झाली, म्हणजे हजारात एक उरलं. रोग असेल, विष असेल, अधिवास गेला असेल, बरीच वर्षं तर्कच चालू होते. मग २००४ मध्ये पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून कळलं की गुराढोरांना देतात ते डायक्लोफिनॅक नावाचं वेदनाशामक यामागं आहे, औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं ते खाल्लं की त्याच्या किडन्या बंद पडतात. शंभरात एकापेक्षाही कमी मढ्यांमध्ये हे औषध असलं तरी एवढी पडझड व्हायला पुरेसं होतं. आणि २००६ मध्ये, म्हणजे फक्त दोन वर्षांत, भारत, नेपाळ आणि पाकिस्ताननं जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली.

दोन वर्षं! धोरणाच्या जगात हा वेग जवळपास अशक्य वाटतो. तो शक्य झाला कारण मागणी 'गिधाडं वाचवा' अशी नव्हती, 'जनावरांसाठी हे एक औषध बंद करा' अशी होती, आणि सोबत पर्यायही तयार होता, मेलॉक्सिकॅम, जे गुरांना चालतं आणि गिधाडांना मारत नाही. मागणीसोबत पर्याय नेला की समोरच्याकडं नाही म्हणायला एक मोठं कारण कमी उरतं, हे अगदी लक्षात ठेवा.

दुसरी पायरी : सरकारनं आधीच काय कबूल केलंय ते शोधा

बरेच जण इथं चुकतात, शून्यापासून सुरुवात करतात. खरं तर जगातल्या जवळजवळ सगळ्या सरकारांनी लेखी वचनं देऊन ठेवलीत. १९९२च्या रिओ परिषदेत जैवविविधता करार सह्यांसाठी खुला झाला, १९९३च्या डिसेंबरात तो लागू झाला, आज त्यात १९६ पक्ष आहेत (अमेरिका नाही, हा मोठा अपवाद). या कराराच्या सहाव्या कलमानुसार प्रत्येक देशानं स्वतःचं राष्ट्रीय जैवविविधता धोरण आणि कृती आराखडा करायचाच असतो. मग डिसेंबर २०२२ मध्ये याच करारातल्या देशांनी कॅनडातल्या मॉन्ट्रियलला कुनमिंग-मॉन्ट्रियल आराखडा मंजूर केला, त्यात २०३० पर्यंतची २३ लक्ष्यं आहेत.

सगळी २३ पाठ करायची गरज नाही, तुमच्या मागणीला लागू होतील ती दोन-तीन काढा. लक्ष्य २ म्हणतं की बिघडलेल्या परिसंस्थांपैकी किमान ३० टक्क्यांवर पुनरुज्जीवनाचं काम सुरू झालेलं पाहिजे, लक्ष्य ३ म्हणतं ३० टक्के जमीन, गोडं पाणी आणि समुद्र यांचं संवर्धन, लक्ष्य ७ मध्ये कीटकनाशकांचा एकूण धोका निम्म्यावर आणायचंय, लक्ष्य १८ मध्ये निसर्गाला मारक अशी अनुदानं जगभरात मिळून वर्षाला किमान ५०० अब्ज डॉलरनं कमी करायचीत, आणि लक्ष्य २२ मध्ये निर्णयात लोकांचा सहभाग, माहिती आणि न्याय मिळण्याचा हक्क आहे.

आता एक कागद घ्या आणि तीन रकाने आखा. पहिल्यात सरकारचं वचन, दुसऱ्यात त्यासाठी देशात आज कुठला कायदा किंवा नियम आहे, तिसऱ्यात यंदाच्या बजेटमध्ये त्याला किती पैसे. आराखडा आणि देशाचे राष्ट्रीय अहवाल कराराच्या अधिकृत साइटवर असतात, कायदा सरकारी राजपत्रात आणि बजेट अर्थखात्याच्या कागदांत. बहुतेक वेळा पहिला रकाना भरगच्च असतो, दुसरा अर्धवट आणि तिसरा रिकामा. तो रिकामा चौकोन हीच तुमची मोहीम. मग तुम्ही काही नवीन मागत नसता, तुमचंच वचन पाळा एवढंच म्हणत असता, आणि याला उत्तर देणं समोरच्याला अवघड जातं.

कराराच्या नुसत्या अस्तित्वावर मात्र विसंबू नका. याच कराराखाली याआधी जपानमधल्या आयचीत ठरलेल्या 'आयची लक्ष्यां'ची मुदत २०२० ला संपली, वीस लक्ष्यं होती, जागतिक पातळीवर त्यातलं एकही पूर्णपणे गाठलं गेलं नाही.

तिसरी पायरी : मसुदा वाचा, आणि क्रियापदांखाली पेन्सिलनं रेघ मारा

मला विचाराल तर सगळ्या लेखात हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि हीच सगळ्यात जास्त टाळली जाते, कारण कायद्याची भाषा वाचायला कंटाळवाणी असते. पण सगळी लढाई तिथंच जिंकली किंवा हरली जाते.

'सरकार पाणथळ जागांचं संरक्षण करील' आणि 'सरकार पाणथळ जागांच्या संरक्षणासाठी उपाय योजू शकेल' ही दोन वाक्यं कानाला सारखी लागतात. पहिल्यात सरकार बांधलेलं आहे, ते मोडलं तर कोर्टात जाता येतं, दुसऱ्यात ते मोकळं आहे. 'शक्यतो', 'यथावकाश', 'आवश्यकतेनुसार', 'प्रयत्न करील', 'विचारात घेईल' हे शब्द दिसले की थांबा. प्रत्येक कलमाला हेच प्रश्न विचारा : कोण करणार, नक्की काय करणार, किती, कुठल्या तारखेपर्यंत, कोण तपासणार, आणि नाही केलं तर काय होणार. एकाचंही उत्तर मिळालं नाही तर तिथं तुमची दुरुस्ती.

इंग्लंडमध्ये २०२१चा पर्यावरण कायदा होताना अगदी हेच झालं. प्रजातींची घट २०३० पर्यंत थांबवण्याचं लक्ष्य कायद्यात घालू असं सरकार म्हणालं, पण पहिल्या मसुद्याची भाषा 'घट थांबवण्याच्या उद्दिष्टाला पुढं नेणं' अशा धर्तीची सैल होती. संस्थांनी आणि वरच्या सभागृहातल्या सदस्यांनी ते लावून धरलं आणि शेवटी कायद्यात थेट घट थांबवण्याचीच भाषा आली. बाहेरच्या माणसाला फरक दिसणारही नाही, पण उद्या कोणी कोर्टात गेलं तर सगळा दावा त्याच दोन-तीन शब्दांवर उभा राहील.

आणि अपवादांचं कलम आधी वाचा. ते बहुतेक शेवटी असतं आणि तोवर वाचणारा दमलेला असतो. युरोपियन युनियननं २०१८ मध्ये मधमाश्यांना घातक अशा तीन निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी घातली, पण 'आणीबाणीची परवानगी' नावाची खिडकी उघडीच होती आणि अनेक देश वर्षानुवर्षं त्यातून परवानग्या देत राहिले, शेवटी जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बंदी असलेल्या औषधानं प्रक्रिया केलेल्या बियाण्यांसाठी ही खिडकी वापरता येणार नाही. बंदीपासून तिथवर पोचायला जवळपास पाच वर्षं गेली.

चौथी पायरी : पुरावा, आणि तो तुमच्याकडंही तयार होऊ शकतो

माहितीचा अधिकार बऱ्याच देशांत आहे. भारतात २००५चा कायदा आहे आणि साधारण ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, पर्यावरणाच्या माहितीसाठी युरोपात १९९८चा आरहूस करार आहे, लॅटिन अमेरिकेत २०२१ पासून तसाच एस्काझू करार लागू आहे. अर्ज करताना मतं मागू नका, कागद मागा. 'तुम्ही जंगलाकडं दुर्लक्ष का करता' याला उत्तर येत नाही. 'गेल्या तीन वर्षांत अमुक योजनेत मंजूर झालेली आणि प्रत्यक्ष खर्च झालेली रक्कम, वर्षवार' याला यावंच लागतं. एका अर्जात एकच विषय ठेवा, नाहीतर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत बसतो.

आणि डेटा फक्त शास्त्रज्ञांकडंच असतो असं समजू नका. २०१७ मध्ये जर्मनीतून एक अभ्यास आला, की संरक्षित क्षेत्रांमध्येसुद्धा उडणाऱ्या कीटकांचं एकूण वजन २७ वर्षांत ७६ टक्क्यांनी घटलंय, आणि जगभर खळबळ उडाली. तो डेटा क्रेफेल्ड शहरातल्या हौशी कीटक-अभ्यासकांच्या मंडळानं गोळा केला होता. त्यांची ताकद एकाच गोष्टीत होती, वर्षानुवर्षं तसलेच सापळे, तशाच पद्धतीनं लावले आणि पकडलेलं सगळं जपून ठेवलं. तुम्ही पक्षी मोजत असाल, बेडूक मोजत असाल, पद्धत एकच ठेवा, तारीख आणि वेळ लिहा, आणि काहीच दिसलं नाही तर तेही लिहा. 'आज शून्य' ही नोंद सुद्धा पुरावा असतो.

पाचवी पायरी : बरोबर दार ठोठवा

सगळे पर्यावरण खात्याकडं जातात. तिथले लोक बहुतेक तुमच्याच बाजूचे असतात पण त्यांच्या हातात फारसं नसतं. जमीन कशी वापरायची ते शेती, खाण, रस्ते, ऊर्जा आणि मत्स्य खाती ठरवतात आणि पैसा अर्थखातं ठरवतं. म्हणून तुमच्या मागणीवर शेवटची सही कोणाची, ते आधी शोधा.

कोस्टा रिकाचं उदाहरण मला फार आवडतं. तिथं १९८०च्या दशकात जंगल देशाच्या साधारण चौथ्या भागापर्यंत उतरलं होतं. १९९६च्या वन कायद्यानं जंगलाची जमीन दुसऱ्या वापरासाठी बदलायला बंदी घातली आणि त्याचवेळी जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना पैसे द्यायची व्यवस्था केली, त्याचा मोठा भाग इंधनावरच्या करातून येतो. आज अर्ध्याहून जास्त देश जंगलाखाली आहे. बंदी आणि पैसा एकाच कायद्यात आले म्हणून ते टिकलं, नुसती बंदी असती तर लोकांनी पळवाटा काढल्या असत्या.

प्रत्यक्ष भेटीला जाताना एकच पान न्या, खरंच एकच. वर मागणी, खाली सध्याची भाषा आणि सुचवलेली भाषा, मग तीन ओळीत कारण, एक आकडा, आणि हे कुठल्या देशात जमलंय. लोकप्रतिनिधीसोबत त्याचा मदतनीस असतो त्याच्याशी नीट बोला, प्रश्न आणि टिपणं बहुतेक तोच लिहितो. निघताना 'बघा काहीतरी' असं म्हणू नका, 'या अधिवेशनात हा प्रश्न विचाराल का' असं विचारा म्हणजे हो किंवा नाही यातलं एक उत्तर द्यावंच लागतं. आणि दुसऱ्याच दिवशी आभाराचा मेल टाका ज्यात काय ठरलं ते लिहिलेलं असेल.

सहावी पायरी : ज्यांचं नुकसान होणार आहे त्यांच्याकडं आधी जा

हे मी कळकळीनं सांगतोय. शेतकरी, मच्छीमार, गुराखी, जंगलात पिढ्यान् पिढ्या राहणारे लोक, यांना न विचारता केलेली मागणी न्यायाची नसते आणि टिकतही नाही. संरक्षित क्षेत्राच्या नावाखाली लोकांना हुसकावून लावल्याची उदाहरणं जगभर आहेत, आणि माझ्या मते असं धोरण कडक म्हणण्याच्या लायकीचं नाही, ते फक्त कमजोर माणसावर कडक असतं. मॉन्ट्रियलच्या लक्ष्य ३ मध्येसुद्धा आदिवासी आणि स्थानिक समुदायांच्या हक्कांचा आदर करूनच हे करायचं असं लिहिलेलं आहे, तो भाग गाळून फक्त ३० टक्क्यांचा आकडा सांगणाऱ्यांपासून सावध राहा.

जर्मनीतल्या बायर्न राज्यात २०१९ मध्ये 'मधमाश्या वाचवा' नावाची जनमागणी झाली. नियम असा की दोन आठवड्यांत १० टक्के मतदारांनी स्वतः सरकारी कार्यालयात जाऊन सही करायची. ऐन थंडीत, ३१ जानेवारी ते १३ फेब्रुवारी, लोक रांगा लावून उभे राहिले आणि साडेसतरा लाखांच्या आसपास सह्या झाल्या, १८ टक्क्यांच्या वर. पण शेतकरी संघटना संतापल्या होत्या, सगळा दोष आपल्यावर टाकला जातोय असं त्यांना वाटत होतं. मग सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवलं गेलं, शेतकरी, निसर्गप्रेमी, पक्ष, सगळे. जुलैमध्ये विधिमंडळानं ती मागणी स्वीकारली आणि सोबत शेतकऱ्यांना मदत करणारा दुसरा कायदाही केला. मी तुमच्या जागी असतो तर ते टेबल सह्यांच्या आधीच मांडलं असतं.

सातवी पायरी : हरकती-सूचना मागवल्या की त्या लिहायच्या कशा

बऱ्याच देशांत नवीन कायद्याचा मसुदा जाहीर करून लोकांकडून सूचना मागवतात, भारतात २०१४च्या धोरणानुसार किमान ३० दिवस मसुदा लोकांसमोर ठेवायचा असतो. मुदत बारीक लक्ष ठेवून बघा, ती हातातून निसटते. मसुदा तुमच्या भाषेत नसेल तर तीच पहिली हरकत. भारतात २०२०च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या मसुद्यावेळी हा मुद्दा दिल्ली उच्च न्यायालयात गेला, कोर्टानं मुदत वाढवली आणि भाषांतरं करायला सांगितलं, आणि हरकती लाखोंनी आल्या.

लिहिताना साचा साधा ठेवा, साधारण असा :

'कलम अमुक, उपकलम तमुक. सध्याची भाषा : "प्राधिकरण आवश्यकतेनुसार पाहणी करू शकेल." सुचवलेली भाषा : "प्राधिकरण दरवर्षी ३१ मार्चपूर्वी पाहणी करील आणि अहवाल ३० दिवसांत संकेतस्थळावर टाकील." कारण : पाहणीचं बंधन नसेल तर लक्ष्याकडं वाटचाल होतेय की नाही हे संसदेला कळणार नाही.'

बस्स. एका मुद्द्याला एक परिच्छेद. कॉपी-पेस्ट केलेले हजार मेल एकाच हरकतीत मोजले जाण्याची भीती असते, त्यामुळं ग्रुपमध्ये कलमं वाटून घ्या, प्रत्येकानं आपल्या शब्दात आणि आपल्या अनुभवातलं लिहा. मच्छीमारानं स्वतः लिहिलेल्या चार ओळी माझ्या दहा पानांपेक्षा भारी पडतात. पाठवल्याची पोच जपून ठेवा, पुढं कोर्टात जायची वेळ आली तर ती लागते.

आठवी पायरी : दबाव कधी वाढवायचा

कायद्यावरचं मतदान जवळ आलं की. युरोपचा निसर्ग पुनरुज्जीवन कायदा शेवटपर्यंत लटकत होता, १७ जून २०२४ ला मंत्र्यांच्या परिषदेत हो म्हणणाऱ्या देशांत मिळून युनियनची किमान ६५ टक्के लोकसंख्या असावी अशी अट होती आणि पाठिंबा मिळाला जेमतेम ६६ टक्क्यांचा. ऑस्ट्रियाच्या तेव्हाच्या पर्यावरण मंत्री लिओनोर गेवेसलर यांनी स्वतःच्या आघाडीतल्या मोठ्या पक्षाच्या विरोधात जाऊन हो म्हटलं म्हणून तो पास झाला. म्हणजे एका माणसावर सगळं येऊन ठेपू शकतं, आणि तो माणूस कोण हे तुम्हाला महिनाभर आधी माहीत असायला हवं. पक्का विरोधक आणि पक्का समर्थक दोघांना सोडा, मधल्या चार-पाच जणांची यादी करा आणि त्यांच्या मतदारसंघातले लोक शोधा.

कोर्टाची वाट शेवटी ठेवा पण बंद करू नका. इक्वेडोरनं २००८च्या राज्यघटनेत निसर्गाला हक्क दिले, आणि २०२१ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं त्याच आधारावर लोस सेद्रोस या जंगलातली खाणकामाची परवानगी रद्द केली. घटनेतलं ते वाक्य नसतं तर हा निकाल आला असता असं वाटत नाही. आणि जिथं खाण किंवा लाकूडतोडीच्या विरोधात बोलणं जिवावर बेतू शकतं तिथं एकट्याचं नाव पुढं करू नका, संघटनेच्या नावानं पत्र द्या, गावातल्या माणसाचं नाव-पत्ता त्याला विचारल्याशिवाय कुठंही टाकू नका.

नववी पायरी : कायदा झाला, आता खरं काम

परत गिधाडांकडं येतो. २००६ ला बंदी आली, सगळ्यांना वाटलं झालं. पण माणसांसाठीचं डायक्लोफिनॅक मोठ्या बाटल्यांमध्ये मिळत होतं, एका बाटलीत एका जनावराला पुरेल एवढं, आणि ते सर्रास गुरांना टोचलं जात होतं. दुकानादुकानात जाऊन लोकांनी हे तपासलं, नोंदवलं, सरकारपुढं मांडलं, आणि २०१५ मध्ये भारतात माणसांसाठीची बाटली ३ मिलीपुरती मर्यादित केली गेली, म्हणजे गुराला द्यायचं तर बऱ्याच बाटल्या फोडाव्या लागतील. मग लक्षात आलं की अ‍ॅसिक्लोफिनॅक हे दुसरं औषध जनावराच्या शरीरात जाऊन डायक्लोफिनॅकच होतं. २०२३ मध्ये जनावरांसाठी त्यावर आणि किटोप्रोफेनवर बंदी आली. पहिल्या बंदीपासून सतरा वर्षं.

म्हणून कायदा पास झाल्या दिवशीच कॅलेंडर काढा. कायद्याखालचे नियम कधी येणार, ते आले नाहीत तर कायदा कागदावरच राहतो. नवीन प्राधिकरण असेल तर किती पदं मंजूर झाली आणि किती भरली. पुढच्या बजेटमध्ये त्याच्या नावानं ओळ आहे का. पहिला वार्षिक अहवाल कधी येणार. प्रत्येकाची तारीख लिहा, त्या तारखेच्या पंधरा दिवस आधी एक साधं विचारणा-पत्र टाका, उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, आणि तोही अडला तर ज्या खासदारानं मागच्या वेळी प्रश्न विचारला होता त्याच्याकडं तेच एक पान घेऊन परत जा.